कमी खर्चातला निरोगी वजनाचा कार्यक्रम : काय शिकवायचं, कसं मोजायचं, कुठे फसतं

लोकांना निरोगी वजनाबद्दल माहिती नसते, अशी समजूत बहुतेक आरोग्य शिबिरांच्या मुळाशी असते. मग तासाभराचं व्याख्यान होतं, पत्रकं वाटली जातात, वजनं होतात, फोटो निघतात. सहा महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा काट्यावर उभं केलं तर सहसा काहीच हललेलं नसतं. गोड कमी खावं आणि चालावं, हे न ऐकलेला माणूस आज शोधून सापडायचा नाही. अडतं ते पुढे. नेमकी कोणती गोष्ट कमी करायची, किती, घरातल्या बाकीच्यांना सांभाळून कशी, आणि तिसऱ्या आठवड्यात उत्साह ओसरल्यावर काय करायचं? एका व्याख्यानात हे बसत नाही. दर आठवड्याला एक अशा बारा-सोळा छोट्या बैठकांत मात्र बसतं, आणि त्यांना एक खोली, एक वजनकाटा, एक टेप आणि नीट तयार केलेला एक माणूस एवढंच लागतं.

ह्याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या ‘डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ ह्या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ लोक होते. एका गटाला जीवनशैलीचं शिक्षण, दुसऱ्याला मेटफॉर्मिन ह्या मधुमेहावरच्या औषधाची गोळी, तिसऱ्याला औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. २००२ साली निकाल आला. दिखाऊ गोळीवाल्यांच्या तुलनेत शिक्षण मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी होतं, मेटफॉर्मिनच्या गटात ३१ टक्क्यांनी. शिक्षणाच्या गटापुढचं उद्दिष्ट साधं होतं : वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम. त्यासाठी पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ शिकवले गेले. मूळ चाचणीत ते प्रत्येकाला एकट्याला बसवून शिकवले होते, त्यामुळे खर्च भरमसाठ झाला. पुढे हाच अभ्यासक्रम वायएमसीए ह्या सामाजिक संस्थेच्या केंद्रांमध्ये, तिथल्याच प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी, गटात शिकवून पाहिला आणि चार ते सहा महिन्यांत सरासरी ६ टक्के वजन उतरलं. म्हणजे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ प्रत्येक बैठकीला हजर असण्याची गरज नाही. ठरलेला अभ्यासक्रम आणि पुन्हा पुन्हा भेटणं, हे मात्र सोडून चालत नाही.

सात टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाला साडेपाच किलोंच्या आसपास. उद्दिष्ट एवढंच ठेवावं. शरीराच्या वजनाच्या ५ टक्के घटीनेही रक्तदाब आणि रक्तातली साखर ह्यांवर दिसण्याजोगा परिणाम होतो. ‘आदर्श वजनापर्यंत’ नेण्याचं आश्वासन देणारा कार्यक्रम पहिल्याच दिवशी आपल्या अपयशाची व्यवस्था करून ठेवतो.

आधी मोजमाप

कमी खर्चाच्या कार्यक्रमात सगळ्यात हलगर्जी इथे होते. मोजमाप चुकलं की पुढचं सगळं वाया जातं, कारण वजन घटलं की काटा बदलला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

वजनकाटा डिजिटल आणि १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्यावा. तो कडक, सपाट फरशीवरच ठेवावा; सतरंजी किंवा गालिचावर ठेवला तर आकडा चुकतो. प्रत्येक बैठकीआधी काटा तपासायला महाग साधन लागत नाही. झाकणाचा एक डबा घ्या, त्यात १० लिटर पाणी मोजून भरा, डबा बंद करा. पाण्याचे १० किलो आणि रिकाम्या डब्याचं वजन मिळून जे होईल ते डब्यावर लिहून ठेवा. दर वेळी आधी डबा काट्यावर ठेवायचा, आकडा वहीत नोंदवायचा. २०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर आधी बॅटरी बदलून पाहा, मग जागा बदला, तरीही फरक राहिला तर त्या दिवशी वजनं घेऊ नका. चुकीचा आकडा वहीत शिरला की तो निघत नाही.

माणसाचं वजन घेताना चपला-बूट काढलेले, खिसे रिकामे, जाड वरचे कपडे उतरवलेले आणि दर वेळी दिवसाची साधारण तीच वेळ हवी. जेवण, पाणी, मीठ आणि शौच ह्यांमुळे एकाच माणसाचं वजन दिवसभरात किलोभर सहज हलतं. काटा आडोशाला ठेवावा. एका वेळी एकच माणूस आत जाईल, आणि आकडा मोठ्याने बोलायचा नाही.

उंची एकदाच घ्यायची असते, पण नीट. दारामागच्या सरळ भिंतीवर टेप उभी चिकटवा, शून्य बरोबर जमिनीला टेकलेलं हवं. अनवाणी उभं राहायचं; टाचा, नितंब आणि खांद्याची पाती भिंतीला. नजर समोर, म्हणजे डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. डोक्यावर काटकोनी ठोकळा किंवा जाड पुस्तक भिंतीला घट्ट टेकवून धरायचं आणि वाचायचं. माणसाला त्याची उंची विचारून लिहून घेऊ नये. बहुतेक जण ती जरा वाढवून सांगतात. फरक किती पडतो पाहा. ७० किलो वजनाला १६० सेंटिमीटर उंची धरली तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २७.३ येतो, १५८ धरली तर २८.०. दोन सेंटिमीटरच्या चुकीने एखादा माणूस वरच्या गटात जाऊन बसू शकतो.

कंबरेचा घेर सगळ्यात जास्त चुकतो, कारण टेप जिथे पट्टा बांधतात तिथे लावली जाते. बरोबर जागा अशी : शेवटच्या बरगडीची खालची कड बोटाने शोधा, नंतर कंबरेच्या बाजूच्या हाडाची वरची कड शोधा, दोन्हींच्या मधोमध खूण करा. टेप त्या खुणेवरून सगळीकडून आडवी फिरवा. पाठीमागे ती खाली घसरते, ते दुसऱ्या माणसाने पाहायचं. नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर वाचायचं. पोट आत ओढलेलं नको, टेप त्वचेला टेकलेली हवी पण रुतलेली नको. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. कापडी टेप वर्षभरात ताणली जाते, तेव्हा अधूनमधून ती स्टीलच्या पट्टीशी ताडून पाहा. बायकांचा घेर बाईनेच घ्यावा, आणि पातळ कपड्यावरून घेतला तरी चालेल, फक्त दर वेळी तसाच घ्यावा.

आकड्यांचा अर्थ

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार प्रौढांमध्ये १८.५ ते २४.९ निरोगी, २५ पासून पुढे जास्त वजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये ह्यापेक्षा कमी बीएमआयलाही मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो. म्हणून संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे कृतीचे टप्पे, म्हणजे ज्यांपासून पुढे उपाय करावेत असे आकडे, सुचवले. ज्या लोकांमध्ये काम करायचं आहे त्यांना कोणता टप्पा लागू, हे कार्यक्रम सुरू होण्याआधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं, मध्येच बदलू नये.

बीएमआयला मर्यादा आहेत. स्नायू आणि चरबी त्याला वेगळी ओळखता येत नाही. पिळदार शरीराचा कष्टकरी जास्त वजनाच्या रकान्यात जातो, आणि स्नायू झडलेली, पण पोट सुटलेली वयस्क व्यक्ती निरोगी रकान्यात राहते. गरोदर स्त्रियांना तो लावायचाच नाही. मुलांनाही प्रौढांचे आकडे लावू नयेत. त्यांच्यासाठी वय आणि मुलगा-मुलगी ह्यांनुसार वाढीचे तक्ते असतात. बहुतेक जाड मुलांचं वजन उतरवायचंही नसतं. ते तिथेच ठेवून उंची वाढू दिली की प्रमाण आपोआप सुधारतं. मुलांना आहार कमी करायला सांगण्याचा अधिकार स्वयंसेवकाला नसावा, हे स्पष्ट लिहून द्यावं.

कुणालाही समजेल अशी एक चाचणी सुतळीची आहे. माणसाच्या उंचीएवढी सुतळी कापायची, मधोमध दुमडायची, आणि ती दुमडलेली सुतळी कंबरेभोवती फिरवायची. टोकं जुळली तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त नाही. जुळली नाहीत तर पोटावर धोक्याइतकी चरबी आहे. १६० सेंटिमीटर उंचीला मर्यादा ८० सेंटिमीटर. आकडे वाचता न येणाऱ्यालाही ही चाचणी करता येते, सुतळी घरी नेता येते, आणि तीन महिन्यांनी तीच सुतळी पुन्हा फिरवून पाहता येते. पहिल्या बैठकीतच ती करून घ्यावी असं आमचं ठाम मत आहे. बीएमआयचा तक्ता दुसऱ्या बैठकीपर्यंत थांबू शकतो.

ऊर्जेचा हिशेब, जेवढा लागतो तेवढाच

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून साधारण ४ किलोकॅलरी (बोलताना जिला नुसतं ‘कॅलरी’ म्हणतात तीच) मिळतात, मद्यार्कातून ७, आणि तेल-तुपातून ९. सगळा अभ्यासक्रम विसरला तरी चालेल, पण तेलाचा हा नऊचा आकडा लोकांच्या डोक्यात राहायला हवा. १५ मिलिलिटरच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० किलोकॅलरी असतात. तेच १२० खर्च करायला ७० किलोच्या माणसाला सुमारे अर्धा तास भरभर चालावं लागतं.

घरात माणशी किती तेल जातं हे विचारून कळत नाही, कारण ते कुणालाच माहीत नसतं. त्यासाठी एक गृहपाठ द्यावा. नवी बाटली उघडली की तारीख लिहायची, संपली की पुन्हा लिहायची. एक लिटर तेल चार माणसांत दहा दिवस पुरलं तर माणशी रोज २५ मिलिलिटर, म्हणजे दोनशेच्या आसपास किलोकॅलरी. बाटली दहाऐवजी तेरा दिवस पुरवायची, एवढंच पुढचं उद्दिष्ट. चव फारशी बदलत नाही, खर्च घटतो, आणि घरातल्या कुणालाही वेगळं जेवण लागत नाही.

साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी की वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस ह्यांतली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी. २,००० किलोकॅलरीच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, साधारण १२ चहाचे चमचे. ही मर्यादा आहे, रोजचा हक्क नव्हे, हे सांगायला विसरू नये. गोड शीतपेयात १०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम साखर असते, तेव्हा अर्ध्या लिटरच्या एका बाटलीतच दिवसाची मर्यादा संपते. साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरावी का, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा वापर करू नये, असं संघटनेने २०२३ साली सांगितलं आहे. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही.

आता वजन थांबण्याबद्दल. इथे कार्यक्रम सगळ्यात जास्त माणसं गमावतो, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. ७,७०० किलोकॅलरी कमी केल्या की एक किलो उतरतं, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्या हिशेबाने रोज १०० कमी केल्या तर वर्षाला पावणेपाच किलो, दुसऱ्या वर्षी आणखी पावणेपाच, असं वजन उतरतच राहायला हवं. तसं होत नाही. शरीर हलकं झालं की त्याला चालवायला ऊर्जाही कमी लागते, आणि कमी केलेला आहार काही काळाने नव्या वजनाला पुरेसा ठरतो. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या हिशेबानुसार रोज सुमारे २४ किलोकॅलरींची कायमची कपात म्हणजे शेवटी एक किलोची घट. त्यातली निम्मी पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ पूर्ण व्हायला तीन वर्षं. म्हणजे रोजच्या १०० किलोकॅलरी कमी केल्या तर एकूण चार किलो, पहिल्या वर्षी दोन. हे आधीच सांगितलं तर काटा थांबल्यावर माणूस स्वतःला दोष देत नाही आणि बैठका सोडत नाही.

पहिल्या आठवड्याची गंमत उलटी. शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे राखीव ठेवलेली साखर, साठतं त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही साठतं. आहार एकदम कमी केला की हे पाणी निघून जातं आणि दीड-दोन किलो घट दिसते. तिथे टाळ्या वाजवल्या की चौथ्या आठवड्यातली खरी घट, म्हणजे दोन-तीनशे ग्रॅम, फारच केविलवाणी वाटू लागते.

प्रत्येकाकडून कॅलरींची रोजनिशी लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नये. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचं खाणं प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ते खोटं बोलत नव्हते. अंदाज असाच चुकतो. त्याऐवजी मोजता येतील अशा दोन-तीन वस्तू पकडाव्यात : तेलाची बाटली, साखरेचे चमचे, गोड पेयं, पाकिटबंद खाऊ. शेवटच्या वस्तूला खास महत्त्व आहे. २०१९ साली २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार केलेलं अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. साखर, चरबी, तंतू (चोथा) समोर ठेवलेल्या जेवणात सारखेच होते, आणि हवं तेवढं खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या दिवसांत ते रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होते.

बैठक कशी चालवायची

बारा ते पंधरा माणसं, ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाऊण तास. वीसच्या वर गेलं की व्याख्यान सुरू होतं आणि मागच्या रांगेतले गप्प बसतात. सुरुवातीची दहा मिनिटं वजनं. पुढची दहा मिनिटं मागच्या आठवड्याचा ठराव किती दिवस पाळला ते. मग पंधरा मिनिटं एकच विषय, आणि तोही हातात काहीतरी देऊन. उरलेल्या वेळात प्रत्येकाने पुढच्या आठवड्याचा ठराव सांगायचा.

विषय हातात देणं म्हणजे काय, तर शीतपेयाच्या बाटलीवरचा साखरेचा आकडा वाचायचा, त्याला चारने भागायचं, आणि तेवढे चमचे साखर गटातल्याच एकाने रिकाम्या पेल्यात मोजून घालायची. पाकिटांचं लेबल वाचणं असंच शिकवावं. लेबलवरची फसगत बहुतेक वेळा ‘एका वाढणीत’ ह्या रकान्यात असते : वाढणी ३० ग्रॅमची छापलेली असते, आणि पाकीट एका बैठकीत संपतं ९० ग्रॅमचं. म्हणून नेहमी १०० ग्रॅमचा रकाना पाहायचा आणि दोन पाकिटांची तुलना त्यावर करायची. घटकांची यादी साधारणतः वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीनात साखर, पाक किंवा तेल असेल तर ते पाकीट मुख्यतः त्याचंच आहे.

सांगून झालं की ‘समजलं का?’ असं विचारू नये. उत्तर नेहमी होकारार्थीच येतं. ‘घरी गेल्यावर हे कसं सांगाल, ते आत्ता मला सांगून दाखवा’ असं म्हणावं. जिथे माणूस अडखळतो तिथे त्याचं नव्हे, आपलं शिकवणं कमी पडलेलं असतं. तेवढाच भाग पुन्हा घ्यावा.

ठरावाचं वाक्य कसं आहे ह्यावर बरंच अवलंबून असतं. ‘आता कमी खाईन’ हा ठराव नव्हे. ‘रात्री दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी दहा मिनिटं थांबेन’ हा ठराव, कारण त्यात प्रसंग, कृती आणि वेळ तिन्ही आहेत. ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशा बेताला मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर ह्यांच्या संशोधनाचा भक्कम आधार आहे. आठवड्याला एकच ठराव. सात दिवसांपैकी सहा-सात दिवस जमला तर तो चालू ठेवून दुसरा जोडायचा. तीन किंवा कमी दिवस जमला तर माणसाला रागवायचं नाही, ठराव लहान करायचा. मधले चार-पाच दिवस जमले तर तोच ठराव आणखी एक आठवडा.

स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि खरेदी करणारी व्यक्ती ह्यांपैकी निदान एक तरी बैठकीला यायलाच हवी. हे पुष्कळदा राहून जातं, आणि मग ताटात काय पडावं ह्यावर ज्याचं काही चालत नाही अशाच माणसाला आपण आठवडेच्या आठवडे ताट शिकवत बसतो.

ताटाचा नियम सोपा आहे : अर्ध्या भागात भाज्या आणि फळं, पाव भागात धान्य, पाव भागात प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, मासे वगैरे. बटाटा आणि तसले पिष्टमय कंद इथे धान्यात मोजायचे. पण हाताशी पैसा कमी असलेल्या घराला पहिल्याच आठवड्यात ‘भाज्या दुप्पट करा’ म्हणणं चुकीचं. घरखर्च वाढवणारा सल्ला दुसऱ्या महिन्यात टिकत नाही. आधी खर्च घटवणारे बदल घ्यावेत, म्हणजे गोड पेयं, पाकिटबंद खाऊ आणि तेल. त्यातून जे वाचेल त्याच्या डाळी आणि हंगामी भाज्या. क्रम उलटा केला की गरीब घरं आधी गळतात आणि गटात फक्त ज्यांना परवडतं तेच उरतात.

व्यायामाबद्दल थोडक्यात. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, ही शिफारस. मध्यम वेग म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. नुसत्या चालण्याने वजन फारसं उतरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगावं. उतरलेलं वजन टिकवायला, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायला मात्र त्याची मदत मोठी आहे. स्नायूंसाठी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं आणि भिंतीला हात टेकून दंड काढणं पुरतं. झोपेचा विषय लोक हसण्यावारी नेतात. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी झोपणाऱ्या जास्त वजनाच्या प्रौढांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवली, तेव्हा त्यांचं रोजचं खाणं सुमारे २७० किलोकॅलरींनी घटलं. कुणी त्यांना आहाराबद्दल काहीही सांगितलं नव्हतं.

स्पर्धा नको

‘कुणी सगळ्यात जास्त वजन उतरवलं’ अशी बक्षिसं ठेवण्याचा मोह प्रत्येक आयोजकाला होतो. त्यातून उपाशी राहणं, जुलाबाच्या गोळ्या आणि वजनाच्या दिवशी पाणी न पिणं सुरू होतं. ज्याचं वजन घटलं नाही तो पुढच्या वेळी येत नाही, आणि यायची गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते. लाज वाटली की माणूस दवाखाना टाळतो आणि खाणं वाढवतो, हे संशोधनात वारंवार दिसलं आहे. बक्षीस द्यायचंच तर हजेरीला द्यावं. ‘लठ्ठ लोक’ म्हणण्यापेक्षा ‘वजन जास्त असलेले’ म्हणावं. पोस्टरवर सुटलेल्या पोटांची विनोदी चित्रं काढू नयेत.

स्वयंसेवकाला दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर दर तिसऱ्या-चौथ्या बैठकीला जाणत्या माणसाची हजेरी लागते. देखरेख नसली की दोन महिन्यांत ठरलेल्या पाठांच्या जागी ऐकीव उपाय येतात, कुठलंसं चूर्ण येतं, कधी त्याची विक्रीही सुरू होते. कार्यक्रमात काहीही विकायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा. पैसा थोडा असेल तर आधी चांगला काटा, मग शिकवणाऱ्याचं मानधन, आणि उरलं तरच छपाई.

काही जणांना बैठकीत बसवण्याआधी डॉक्टरकडे पाठवायचं असतं. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, बीएमआय १८.५ च्या खाली असलेले, प्रयत्न न करता वजन झपाट्याने घटलेले किंवा वाढलेले, चालताना छातीत दुखणारे, जेवल्यावर मुद्दाम उलटी करणारे. इन्सुलिन किंवा रक्तातली साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी आहार कमी केला आणि मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. त्यांची मात्रा डॉक्टरने आधी पाहायला हवी; स्वयंसेवकाने ती स्वतः कमी-जास्त करायला सांगू नये.

सोळा बैठकांनंतर

सोळावी बैठक झाली की निरोप समारंभ होतो आणि वजन परत चढायला लागतं. तेव्हा त्यानंतर निदान वर्षभर महिन्याला एक बैठक ठेवावी. त्यात नवीन काही शिकवलं नाही तरी चालतं. वजन, ठराव आणि अडचणी एवढं पुरे. घरी आठवड्यातून एकदा वजन करता येत असेल तर करावं, आणि सगळ्यात कमी झालेल्या वजनापेक्षा दोन किलो वाढलं तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता यायचं, असं आधीच ठरवून ठेवावं. सलग दोन बैठका चुकल्या तर त्याच आठवड्यात फोन किंवा भेट. महिनाभर थांबलात तर माणूस सहसा परत येत नाही.

यशाचा हिशेब करताना आयोजक स्वतःलाच फसवतात. समजा ४० जणांनी नाव घातलं, २२ जण शेवटपर्यंत राहिले आणि त्यांतल्या ११ जणांचं वजन ५ टक्के किंवा जास्त उतरलं. अहवालात लिहिलं जातं : निम्म्या लोकांना फायदा. खरा आकडा ४० पैकी ११, म्हणजे साडेसत्तावीस टक्के, कारण गळालेल्या १८ जणांचं वजन उतरलं असं धरायला काहीच आधार नाही. हाच आकडा लिहावा; तो वाईट नाही, आणि पुढच्या वर्षीच्या गटाशी खरी तुलना त्याच्याशीच होते. वहीत प्रत्येकाचे चार टप्पे हवेत : सुरुवात, तीन महिने, सहा महिने, बारा महिने. प्रत्येक टप्प्याला वजन, कंबरेचा घेर आणि बैठकांची हजेरी. गळालेल्यांच्या नावापुढे कारण लिहावं, त्यांच्याच शब्दांत : वेळ जमेना, सासूबाईंना पटेना, कामाची पाळी बदलली, काट्यावर उभं राहायला नको वाटतं. पुढच्या गटाची वेळ, जागा आणि काट्याचा आडोसा ह्याच रकान्यावरून ठरवावा.